पासंग

महाप्याला, चौथ्या मजल्यावर,
फळ्यावर मी तीन रकाने आखले.
शुक्रवारपर्यंत एक ठरव, कोटणीस म्हणाले,
आणि पैसे माझ्या खिशातून जाणार आहेत
हे लक्षात ठेवून ठरव.

पहिली सेवा फुकट.
म्हणजे ॲप कोसळलं की त्याचा पंचनामा
सातासमुद्रापार कुणाच्या तरी गोदामात जाऊन पडणार
आणि तिथं तो कोण कोण वाचणार
हे चाळीस पानी अटींमध्ये दिलेलं आहे.
मी नऊ पानं वाचली.

दुसरी देखणी.
एकसारख्या क्रॅशची मोळी बांधून देते,
वर चिठ्ठी लावते, कुठली ओळ, कुठला फोन.
पण प्रत्येक क्रॅशला दर.
ज्या महिन्यात आपण जास्त चुकू
त्याच महिन्यात बिल मोठं.
मुदस्सर म्हणाला, बरंय की, निदान लाज तरी वाटेल.

तिसरी आपल्याच सर्व्हरवर बसवायची.
घरातलं घरात.
फक्त तो सर्व्हरच कोसळला
तर त्याची खबर कुणी द्यायची
यावर आम्ही खूप हसलो
आणि मग हसायचं थांबलो.

चौथा रकाना मी आखलाच नाही.
ढेबे.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातले तोलणार.
गोणी काट्यावर, आकडा आमच्या ॲपवर, पावती गाळ्यावर.
पहाटे पाचला फोन यायचा,
"मॅडम, तुमचं ते परत बसलं."
काय करत होतात विचारलं की सगळं सांगायचे,
गाळा कुठला, माल कुणाचा,
ओला की सुका, हमाल नवा होता का,
आणि मधेच कुठंतरी, सहज,
ते बटण, जे दाबायला नको होतं.
दर नाही. अटी नाहीत.
तीन पारडी घेऊन मी आठवडाभर तोलत बसले,
ढेबेंना पासंगालाही धरलं नाही.

शुक्रवारी दुसरी घेतली.
पहिला महिना मोफत होता.

अकराव्या दिवशी एक मोळी उघडली.
एकच फोन. एक्केचाळीस वेळा.
वेळ पहाटे चार ते सात.
मॉडेल जुनं, बॅटरी सोळा टक्के,
मेमरी जवळजवळ संपलेली.
शेवटी दाबलेली बटणं:
पुन्हा. पुन्हा. पुन्हा. पुन्हा.
पुन्हा.

त्या अकरा दिवसांत ढेबेंचे फोन आले होते दोन.

वजाबाकी काही अवघड नाही.
एकोणचाळीस वेळा एक माणूस
काट्यावरच्या गोणीसमोर थांबला,
पोरीची झोप कशाला मोडा म्हणाला असेल,
किंवा सांगून काय होतंय, असंही.
हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

दुरुस्ती सोपी होती.
"कृपया फोनमधली जागा रिकामी करा."
एवढी एक ओळ दाखवायची, झालं.
मी ती टाइपही केली.
मग, का कोण जाणे, फोन लावला.

जागा कशानं भरलीय, ढेबे?
"पावत्यांचे फोटो हायेत, मॅडम.
प्रत्येक वजनाचा एक काढून ठेवतो.
तुमचं ते कधी बसेल नेम नाही,
आकडा गेला तर व्यापारी माझ्या नावानं बोंबलणार."
कधीपासून काढताय?
"पहिल्यांदा बसलं ना, त्या दिवसापासून."

म्हणजे ॲप पडलं म्हणून फोटो,
फोटोंनी फोन भरला म्हणून ॲप पडलं,
म्हणून आणखी फोटो.
रिपोर्टमध्ये हे नव्हतं.
ढेबेंच्या त्या दोन फोनांतही नव्हतं,
कारण मी विचारलं नव्हतं.

महिना संपला. कोटणीस म्हणाले, बिल बघितलंस?
बघितलं.
फळा अजून पुसायचा आहे.

अगदी सुरुवातीला, काटा दाखवताना,
ढेबे मला म्हणाले होते,
माल चढवायच्या आधी रिकामा काटा बघायचा.
शून्यावर नसला तर तेवढा पासंग आपलाच.
मी मान डोलावली होती
आणि वहीत लिहून घेतलं होतं:
शून्य तपासणी. पुढच्या आवृत्तीत.